फिजीच्या ऑनरेबल मेंबरांचा सत्कार

७८६
शारजा, १९ मे १९६८

आदरणीय हारुनभाई यांना मोहिद्दीनचा अदबीने सलाम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, आणि भाभींचा खोकला गेला की भाभींनीच त्याची सवय करून घेतली, ते कळवावे. इकडे उन्हाळा सोडला तर अल्लाच्या मेहेरबानीने सगळी खैरियत. तुमची बहीण मैमुनाबी मजेत आहे. (मजेत म्हणजे माझ्याशी कमी बोलते. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हाला समजेल.) आमची लेक शहनाझही बरी आहे. तिचं आणि तुमच्या यूनुसचं पावसाळ्यानंतर ठरवलेलं लग्न इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच पुढची हकीकत मला लिहावी लागते. आमच्या एका सत्काराची बातमी दापोलीपर्यंत तिखटमीठ लावून पोचायच्या आत, मीठ कमी असलेली बातमी तुमच्याकडे असलेली बरी.

इथे आमच्या कोकणी जमातीचं एक मंडळ आहे. खैरुद्दीन शेट त्याचे अध्यक्ष (रोल्ला म्हणतात त्या जुन्या वडापाशी त्यांचं तांदळाचं गोदाम आहे आणि मंडळाला बसायला दुसरी जागा नाही, त्यामुळे निवडणूक घेण्याची पाळी कधी आली नाही), आणि मी सेक्रेटरी, कारण मला इंग्रजी येतं असा समज आहे. गेल्या हिवाळ्यात दुबईच्या सिंधी व्यापाऱ्यांनी दिल्लीच्या एका उपमंत्र्याला हार घातला आणि तो फोटो मुंबईच्या पेपरात छापून आला. तेव्हापासून शेटांच्या घशाखाली घास उतरेना. आम्हाला हार घालायला साधा नगरसेवकही कुणी मिळत नव्हता.

आता मी ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअर-कारकून आहे, त्याचा माल इंग्रजांच्या लष्करी कॅम्पात जातो. तिथे व्हिलियामे नावाचा एक सार्जंट आहे, मूळचा फिजी बेटांवरचा. माणूस इतका रुंद की आमच्या स्टोअरच्या दारातून तिरका होऊन आत येतो. एक दिवस तो सहज म्हणाला, की त्याचं एक कझिन फिजीच्या कायदेमंडळाचं मेंबर आहे, लंडनहून घरी परतताना त्याला भेटायला इथे दोन दिवस उतरणार आहे. नाव ऑनरेबल एल. तुइनाबुआ. हारुनभाई, इंग्रजीत चुलतभाऊ, आतेबहीण, मामेभाऊ, मावसबहीण या सगळ्यांना कझिन हा एकच शब्द. आपल्याकडे ज्या नात्यांवर लग्नं जुळतात आणि मोडतात, ती सगळी साहेबाने एका पोत्यात कोंबून ठेवली आहेत. ते पोतं मी उघडून पाहिलं नाही, एवढंच.

मी धावत शेटांकडे गेलो. फिजी कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण ऑनरेबल हा शब्द त्यांना कळला. तयारी सुरू झाली. सल्लागार म्हणून अलीमियाँला बोलावलं, कारण तरुणपणी तो आगबोटीवर खलाशी होता आणि त्याची बोट फिजीच्या सुवा बंदरात एक दुपार थांबली होती. (त्या दुपारी पाऊस होता आणि अलीमियाँ खाली इंजिनपाशी होता, पण आमच्यापैकी बाकीचे तेवढेही जवळ गेले नव्हते.) तिथले पुढारी धिप्पाड असतात असं त्याने सांगितल्यावरून एक जंगी खुर्ची मागून आणली. डोक्याला फेटा बांधायचा ठरलं. एकाच खानदानातलं डोकं म्हणून माप सार्जंटच्या डोक्याचं घेतलं. मानपत्र मी लिहिलं. त्यात पाहुण्यांना ‘पॅसिफिकचा वाघ’ म्हटलं होतं. अलीमियाँ म्हणाला, तिकडे वाघ नसतात. शेट म्हणाले, “मग हा एकटाच असेल. ठेव तसंच.”

शुक्रवारी अस्रच्या नमाजानंतर गोदाम सजलं. पोती भिंतीला रचली, मधोमध किंतानाचा पडदा लावला, पडद्याच्या पलीकडे बायका आणि जेवण, अलीकडे आम्ही आणि राजकारण. मैमुनाबी आणि शहनाझ पलीकडेच होत्या. जीप आली. आधी सार्जंट उतरला आणि जीप एक वीत वर आली. मग एक उंच, पन्नाशीच्या बाई उतरल्या. पायघोळ झगा, कानामागे फूल, हातात पांढरी पर्स. शेटांनी त्यांना अदबीने वाट करून दिली आणि हार घेऊन जीपच्या आत डोकावले. आत मद्रासी ड्रायव्हर होता. त्याने मान पुढे केलीच होती, तेवढ्यात सार्जंट म्हणाला, “सर, ही माझी कझिन. ऑनरेबल लितिया तुइनाबुआ.”

अशा वेळी सेक्रेटरीने काय करायचं असतं? मी मानपत्र शेटांच्या हातात दिलं आणि मागे सरलो. शेटांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, एक शब्द न बदलता. ‘बंधो’ म्हणाले, ‘ज्या मातेने असा पुत्र प्रसवला’ म्हणाले, वाघही म्हणाले. माझ्या बुद्धीप्रमाणे मी बाजूला उभा राहून त्याचं इंग्रजी करत होतो आणि करताना जमेल तेवढा वाघ गाळत होतो. बाई शेवटपर्यंत इतक्या गंभीरपणे ऐकत होत्या, की कायदेमंडळात बसायची सवय म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं. मग फेट्याची पाळी आली. परक्या बाईच्या डोक्याला हात कोण लावणार? शेटांनी शेवटी तो सार्जंटला बांधला. अगदी मापात बसला. फोटोही तेव्हाच निघाला, त्यामुळे पेपरात छापून आलाच, तर फिजीचे थोर पुढारी म्हणून सार्जंट व्हिलियामे दिसेल आणि त्या बाई बाजूला टाळ्या वाजवताना.

नंतर बाई बोलायला उठल्या आणि चक्क हिंदीत बोलल्या. त्यांचं बालपण उसाच्या मळ्यांच्या गावात गेलेलं, शेजारी सगळे हिंदुस्थानातून मजुरीला तिकडे गेलेल्यांची नातवंडं. ती हिंदी काही आपली नव्हे, पण शेटांच्या हिंदीपेक्षा बरीच बरी. त्यांनी सांगितलं, की निवडून आल्यावर पहिल्या दिवशी दारावरच्या शिपायाने त्यांना टायपिस्ट लोकांचं दार मागच्या बाजूला आहे असं सांगितलं. त्या मागच्या दाराने गेल्या आणि पुढे येऊन आपल्या जागेवर बसल्या. “दरवाजा कौनो होय, कुर्सी हमार रही,” एवढं म्हणून त्यांनी विचारलं, औरत लोग कहाँ है? आणि उत्तराची वाट न बघता पडदा सारून पलीकडे गेल्या. आम्ही जंगी खुर्चीभोवती बसून राहिलो. सार्जंट फेट्यासकट सरबत प्यायला लागला.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण किंतानाचा पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. बाईंनी सगळ्यांची नावं विचारली, भाकरी कशी थापतात ते बघितलं आणि मग शहनाझला विचारलं, “बेटी, तुम का करे मांगता?” पुढे काय करायचंय, असं. शहनाझने बहुधा आधी आईकडे पाहिलं असावं. मग आईला कळू नये म्हणून तिने इंग्रजीत उत्तर दिलं. म्हणाली, फर्स्ट आय वॉन्ट टु पास मॅट्रिक, देन आय विल मॅरी. हारुनभाई, बारा वर्षं मी साहेबाच्या पत्रांना उत्तरं लिहितो आहे, पण इतकं सरळ वाक्य माझ्या हातून कधी उतरलं नाही. मला ते तिथेच कळलं आणि मी मान खाली घातली, म्हणजे जणू कळलंच नाही. प्रकरण तिथेच खलास झालं असतं. पण त्या बाई म्हणजे सार्वजनिक जीवनातल्या. एका माणसाचं म्हणणं सगळ्या सभेला ऐकू जावं, ही त्यांची सवय. त्यांनी वळून मोठ्या आवाजात हिंदी केलं, “सुनो सब लोग, ई बोले है पहिले मॅट्रिक पास करी, तब सादी.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. अलीकडे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेट म्हणाले, “मोहिद्दीन, पोरीला फिजीला उभी करतोस काय?” आणि हसले, आणि त्यांच्याबरोबर हसणं ज्यांना भाग होतं तेही हसले. मी हसलो की नाही ते आठवत नाही. तेवढ्यात पलीकडून मैमुनाबीचा आवाज आला, नेहमीचाच, जरासुद्धा न चढलेला. “आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तर बोलली.” आणि मग पाहुणीला भात वाढल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर मला वाटलं आता वादळ. मॅट्रिकच्या वर्गात, अकरावीत नाव घातलेल्या पोरीला शाळेतून काढून इकडे आणायचं माझ्याच डोक्यातून निघालेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मैमुनाबीने फक्त ते इंग्रजी वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारला.

“लग्न नको असं म्हणाली का?”

“नाही. ‘देन’ म्हणाली. म्हणजे नंतर.”

“मग यात भांडायचं काय आहे?”

मी टोपी काढून खुंटीला लावली. शहनाझ दाराआड उभी होती. ती आत येऊन माझ्यापाशी पाण्याचा पेला ठेवून गेली, इतकंच. पण गेल्या वर्षभरात पाणी मागितल्याशिवाय मिळालं, ते त्या दिवशी.

तर हकीकत ही एवढीच. शहनाझने भर सभेत लग्न मोडलं, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सगळं ठरल्याप्रमाणे आहे. भाभींना सलाम, यूनुसला दुवा. उत्तर सवडीने द्यावे.

आपला नम्र,
मोहिद्दीन परकार

ता. क. पत्र मैमुनाबीला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढी पानं भरलीत आणि लिहायचं तेच राहिलं. तर लग्न पावसाळ्यानंतर न करता पुढच्या वर्षी मॅट्रिकचा निकाल लागल्यावर करावं, आणि तोवर शहनाझने तुमच्या घरी राहून दापोलीच्या शाळेत जावं, सून म्हणून नव्हे, भाची म्हणून, अशी तुमच्या बहिणीची विनंती आहे. (माझीही आहे, पण तिची आधी वाचावी.) यूनुस मुंबईला गोदीत असल्यामुळे त्याची खोली रिकामीच आहे. मॅट्रिकला तो दोनदा बसला होता, तेव्हा पुस्तकंही घरात असतील, आणि तो वस्तू जपून वापरतो, म्हणजे ती नव्यासारखी असतील.

ता. क. आणखी एक. वर ‘उत्तर सवडीने द्यावे’ असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. शाळा जूनमध्ये उघडते, आणि अलीमियाँ बायकोला घेऊन रजेवर याच बोटीने निघाला. सोबत चांगली मिळाली म्हणून हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पत्र आणणारी तुमची भाची तुमच्या ओटीवर ट्रंकेजवळ उभी असेल. तेव्हा पत्र वाचायला घेण्यापूर्वी तिला आत घ्यावे.