बोळाचे संरक्षण

सोमवार, २८ एप्रिल २०२५. सकाळी ७.१०
रोजनिशी लिहिण्याची मला सवय नाही. आज लिहिते आहे त्याचं कारण: शेजारच्या हणमंतरावांनी आमच्या बोळात विटा टाकल्या. अंदाजे चारशे. न विचारता.

बोळ चार फूट रुंद, एकतीस फूट लांब, नकाशाप्रमाणे पूर्ण आपला. तो मी बावीस वर्षं मोकळा ठेवला आहे. उद्या आमची मुलगी समीक्षा परत आली तर आपल्या घरावर तिच्यासाठी एक खोली काढायची आणि जिना बोळातून, बाहेरून द्यायचा. बँकेतली नोकरी, यायला उशीर होणार, म्हणून वेगळा जिना.

समीक्षा बिलोलीला असते. दोन वर्षांत घरी आलेली नाही. मी म्हटलं होतं, नांदेडच्या इंजिनिअरशी लग्न कर, नाहीतर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. ही धमकी होती. धमकी अमलात आणण्यासाठी नसते. तिने ती शब्दशः घेतली. सायन्सची मुलं.

असो. भांडायचं नाही असं ठरवलं. धाक बसवायचा. मुखेडला ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, अण्वस्त्रांचं प्रतिरोधन हा धडा मला पाठ आहे. तीन गोष्टी लागतात. शस्त्र असणे, ते वापरण्याची तयारी असणे, आणि हे दोन्ही शत्रूला ठाऊक असणे.

शस्त्र: नगर परिषदेला अतिक्रमणाचा अर्ज, टाइप केलेला, नकाशासह. हिरव्या फायलीत, कपाटात.
धोरण: आपण होऊन प्रथम वापर नाही.

मंगळवार, २९ एप्रिल
ह्यांच्याहाती निरोप पाठवला. हे म्हणजे व्यंकटराव, निवृत्त एसटी कंट्रोलर, कोणत्याही गावाची गाडी कधी सुटते हे अजून सांगतात, स्वतः वेळेवर कधी निघत नाहीत. निरोप एका वाक्याचा होता: फाइल तयार आहे. दहा मिनिटांचं काम. दीड तासाने परतले. मिशीला धपाट्याचा तुकडा.

काय म्हणाले विचारलं. हणमंतराव म्हणाले, हाव. म्हणजे हो. आणखी काय? मॅडमला नमस्कार सांगा म्हणाले.

नमस्कार हे भीतीचं पहिलं लक्षण. धाक बसला.

गुरुवार, १ मे
बोळात खड्डा खणला. विटा ही आपली लक्ष्मणरेषा होती. पूर्ण विचारांती ती काँक्रीटपर्यंत मागे घेतली. लक्ष्मणरेषा लवचीक असावी.

सिंधुताईंच्या, म्हणजे हणमंतरावांच्या बायकोच्या वाट्या आजपासून बंद. त्यांच्याकडून यायच्या नाहीत, आपल्याकडून जायच्या नाहीत. आर्थिक निर्बंध.

शुक्रवार, २ मे
विहारातून संघपाल सर आले. म्हणाले, यंदा वैशाख पौर्णिमेला तुमचंच व्याख्यान. विषय त्यांनी दिला, बुद्ध आणि आजची शांतता. मी बदलून घेतला: धाक आणि शांतता. सर म्हणाले, मॅडम, सीमेवर वातावरण तापलंय, जरा सौम्य बोला. मी म्हटलं, सौम्य बोलायला मी मराठीची शिक्षिका नव्हते.

अठ्ठ्याण्णव साली अणुचाचणी झाली ती पौर्णिमेच्याच दिवशी. मी मुखेडच्या विहारात खीर वाढत होते. कुणीतरी रेडिओचा आवाज वाढवला. पळी तशीच हातात राहिली. आनंद झाला की लाज वाटली हे तेव्हा ठरवता आलं नाही. आता आलं आहे. व्याख्यानात सांगेन.

सर जाताना बोळाकडे बघून म्हणाले, जिना झकास होतोय. मी म्हटलं, जिना कसला? तर म्हणाले, न्हाई, म्हणजे खड्डा झकास आहे. त्यांचंही वय झालं.

रविवार, ४ मे
काँक्रीट. लक्ष्मणरेषा ओलांडली गेली. प्रथम वापर नाही हे धोरण असल्यामुळे फाइल बाहेर काढता येत नाही. त्यांनी कागदी हल्ला केलेला नाही, काँक्रीटचा केला आहे. उत्तर त्याच पातळीवर द्यायला हवं.

म्हणून पाणी करार स्थगित. आपल्या बोअरचा पाइप त्यांच्या हौदात जायचा तो काढून टाकला. मे महिना आहे. काँक्रीटला पाणी मिळालं नाही की ते फुटतं. दोन दिवसांत शरण येतील.

मंगळवार, ६ मे
शरण आले नाहीत. काँक्रीट ओलं आहे. कुठून येतं पाणी, समजत नाही.

ह्यांना झाडांना पाणी घालण्याचा नवा छंद लागला आहे. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, नळी घेऊन घराच्या मागे. आपल्याकडे झाडं तीन आहेत. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी हवं असतं. अडवलं नाही.

बुधवार, ७ मे
देशाने उत्तर दिलं. सकाळपासून टीव्हीसमोर. मोजून, ठरवून, रात्रीत. व्याख्यानासाठी चार पानं टिपणं काढली. मुद्दा असा: मोठं शस्त्र दोघांकडे असलं की लहान आगळिकी वाढतात, कारण लहान गोष्टीसाठी मोठं शस्त्र कोण काढणार, हे समोरचा ओळखून असतो. लहान आगळिकीला लहान उत्तर लगेच द्यावं लागतं, नाहीतर मोठ्याची किंमत कागदाची राहते. हे लिहून खिडकीतून पाहिलं. दोन भिंती कमरेएवढ्या झाल्या आहेत, वर शहाबादी फरशीच्या सात पायऱ्या. जिनाच आहे.

देशभर मॉक ड्रिल. यादीत आपला जिल्हा नाही. म्हणून कॉलनीपुरतं मीच ठरवलं. दुपारी घरोघर चिठ्ठी: रात्री आठ वाजता सर्वांनी दिवे बंद करावेत.

सात चाळीसला लाइट गेली. आख्खं अहमदपूर अंधारात. ड्रिल शंभर टक्के यशस्वी. नऊ दहाला लाइट आली तेव्हा सगळीकडे उजेड झाला, फक्त आपल्या बोळात आधीपासून होता. हे बॅटरी धरून उभे. मिस्त्री आठवी फरशी बसवत होता. विचारलं तर म्हणाले, शत्रू काय करतोय ते बघून राहिलो.

हेर म्हणून उपयोगी पडतील.

गुरुवार, ८ मे
नऊ, दहा, अकरा. आज तीन पायऱ्या. जिना त्यांच्या वरच्या खोलीकडे निघाला आहे. ती खोली बंद असायची, हरभऱ्याची पोती ठेवायचे. पोती खाली आणली. खोलीला रंग दिला. फिका जांभळा. समीक्षाचा आवडता.

म्हणजे भाडेकरू ठेवणार. माझ्या बोळातून कुणीतरी परकं माणूस रोज चढणार-उतरणार, आणि माझी मुलगी येईल तेव्हा तिच्यासाठी जागा उरलेली नसेल.

उद्या फाइल वापरायची. निर्णय झाला. ह्यांना सांगितलं नाही. युद्धात अचानकपणा महत्त्वाचा.

शुक्रवार, ९ मे. दुपारी १
नगर परिषदेत गेले. ११.२० ला पोहोचले. टेबलावर चंद्रप्पा, मुखेडचा माझा विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. उठून पाया पडला. चहा मागवला. फाइल उघडली, नकाशा पाहिला, अर्ज पाहिला, आणि घाम पुसायला लागला. पंखा चालू होता.

मग म्हणाला, मॅडम, ह्याच्यात ना हरकत दिलेली हाय की. मी म्हटलं, कुणी? त्याने कपाटातून दुसरी फाइल काढली. जिन्यासाठी बोळ वापरू देण्यास माझी हरकत नाही. खाली सही. तारीख ११ मार्च. व्यंकटराव सोनकांबळे. प्लॉट ह्यांच्या नावावर आहे. शेरा मारताना एसटीच्या वेळापत्रकात काढायचे तशी वळणदार सही.

चंद्रप्पा म्हणाला, तुम्हास्नी म्हाईत न्हवतं व्हय. मी म्हटलं, माहीत होतं, खात्री करायला आले होते. तो म्हणाला, हाव मॅडम. पुढे म्हणाला, तुम्ही शिकवलेलं अजून ध्यानात हाय, शस्त्र ज्याच्या ताब्यात त्याच्याच हातात बटन.

मी असं कधी शिकवलं नव्हतं. पण उत्तर बरोबर होतं.

शुक्रवार. संध्याकाळी ६
एकेचाळीस वर्षांचा संसार. शत्रूने केलं असतं तर त्याला आक्रमण म्हटलं असतं. ह्याला कोणता शब्द आहे ते माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं.

विचारलं, का केलंत. म्हणाले, सांगणार होतो. कधी? तू जरा शांत असताना. मी म्हटलं, मी नेहमी शांतच असते. ह्यांनी चप्पल घातली.

म्हटलं, कोण आहे तो भाडेकरू? तर झाडांना पाणी घालायला गेले.

तीन झाडं.

शनिवार, १० मे. संध्याकाळी ७
टीव्हीवर शस्त्रसंधी. सगळा मुद्दा मांडून ठेवला होता, चार पानं. आता दोन बदलावी लागतील.

त्याच वेळी सिंधुताई दारात. हातात वाटी, शेंगुळ्यांची. मी म्हटलं, निर्बंध चालू आहेत. त्या म्हणाल्या, असू द्या वो ताई, गरम हायेत, निर्बंध उद्या करा. आणि आत येऊन बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. बँकेने समीक्षाची बदली अहमदपूरला केली आहे. ह्यांना फेब्रुवारीतच कळलं होतं. ती म्हणाली, आईच्या घरात पाऊल टाकायचं नाही असं आईनेच सांगितलंय, पण अण्णा, म्हणजे हे, थकलेत, लांब नको राहायला. तेव्हा हणमंतराव म्हणाले, आमची खोली हाय की, पोरीनं आमच्यात ऱ्हावं. पण जिना आमच्या सैपाकघरातून हाय, पोरीला अवघडल्यासारखं होईल, बाहेरून पायजे. ह्यांनी सही केली.

मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? सिंधुताई बोटं मोजायला लागल्या. संघपाल सर. मिस्त्री. पिठाच्या गिरणीवाला. बँकेतले सगळे. चंद्रप्पा. विहारातल्या चतुराबाई, कारण खोली त्यांनीच सारवली, मग रंग दिला. मी म्हटलं, पुरे.

मग मला का नाही सांगितलं कुणी? सिंधुताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ताई, तुमचा धाक हाय ना.

ह्यांना आत बोलावून विचारलं, आपल्याच घरावर खोली का नाही बांधली. म्हणाले, त्याला तुझी परवानगी लागली असती.

शेंगुळे खाल्ले. निषेध म्हणून मीठ कमी आहे असं सांगितलं. मीठ बरोबर होतं.

रविवार, ११ मे
ह्यांच्याशी बोलणं बंद. त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

सोमवार, १२ मे. वैशाख पौर्णिमा
व्याख्यान झालं. पांढरी साडी, वेळेवर. चाळीस मिनिटं बोलणार होते, अकरा बोलले. उरलेल्या टिपणांतली अक्षरं नीट दिसत नव्हती. चष्मा बदलायला हवा.

अठ्ठ्याण्णवची गोष्ट सांगितली. पळी हातात राहिली होती इथपर्यंत. तेव्हा काय वाटलं ते मात्र सांगितलं नाही, वेळ संपत आला होता.

प्रश्न विचारा म्हटलं. स्वतःचं लग्न झाल्यापासून विहारात पुढच्याच रांगेत बसणाऱ्या चतुराबाई उठल्या. म्हणाल्या, बाई, तू म्हन्तीस बाँब वापरायचा न्हाई, नुसता दावायचा. दावला की समोरचा भितो, भिला की गप ऱ्हातो. बरं. पन त्यो दावलेला बाँब बघून आपलीच मान्सं भ्याली तर? ती काय करायची, तुझ्यासंग ऱ्हायाची का पळून जायाची?

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे. संघपाल सरांनी लगेच खीर सुरू केली.

गुरुवार, १५ मे
सोळा पायऱ्या पूर्ण. वर लोखंडी कठडा. ह्यांच्याशी बोलणं बंद असल्याचं त्यांना सांगितलं. म्हणाले, हो का, कधीपासून?

ठराव: समीक्षा आली तर आपण होऊन बोलायचं नाही. प्रथम वापर नाही. चूक तिची. चूक ह्यांची. चूक सगळ्यांची. सगळ्यांनी मिळून मला एकटीला शत्रूदेशात ठेवलं आणि दुसरीकडे तह केला.

रविवार, १८ मे. सकाळी १०.४०
टेम्पो आला. बिलोलीहून. सामान फार नाही. आमच्या दाराकडे समीक्षाने पाहिलं, उंबऱ्याच्या अलीकडे थांबली, म्हणाली, जयभीम आई. बारीक झाली आहे. केस कापलेत.

मी जयभीम म्हटलं. प्रथम ती बोलली होती, त्यामुळे ठराव मोडला नाही.

पुढे म्हटलं, नववी फरशी जरा हलते, जपून चढ. ती म्हणाली, तुला कसं माहीत? मी म्हटलं, रोज सकाळी तपासते. बोळ आपला आहे.

ती वर गेली. मी खाली उभी. अर्ध्या तासाने मीही चढले, दारापर्यंतच. तिने आत ये म्हटलं. मी म्हटलं, नुसतं बोलावलं म्हणून, नियम ठरल्याशिवाय मी कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. ती मग म्हणाली, आई, हे तूच मला सांगतेस?  खाली हे नळी घेऊन उभे होते. झाडांपासून बरेच लांब.

मग तिला काही सामान दिलं. ही माघार नव्हे. मदत साहित्य आहे. यादी करून, सही घेऊन दिलं, पुढे वाद नको म्हणून.

समीक्षाच्या ताब्यात दिलेल्या वस्तू:
माठ, तिवईसह, एक.
गोधडी, दोन. एक तिच्या आजीची.
ज्वारीचं पीठ, तीन किलो. गिरणीवाल्याने जास्त दळून ठेवलं होतं. म्हणे, लागणार हे माहीत होतं.
हिरवं लोणचं, बरणी एक.
हात-पंखा, एक. इथे लाइट जाते.
आमच्या पुढच्या दाराची दुसरी चावी, एक.

सही: समीक्षा व्यं. सोनकांबळे. वेळ ११.३५.
चावी घेतली. वापरण्याबद्दल काही बोलली नाही.