बॉनेटखालचं नारिंगी

३ मे, शनिवार
बाबांचा ट्रक अखेर माझ्या गॅरेजमध्ये! सहासष्ट सालचा पिकअप. एक्क्याऐंशी साली बाबांनी तो लायलला, म्हणजे माझ्या बायकोच्या, लव्हॉनच्या भावाला विकला. माझ्या या मेव्हण्यानं चव्वेचाळीस वर्षं त्यातून वासरं आणि खत वाहिलं. आज बॉनेट उघडलं आणि हात कपाळावर गेला. आतलं सगळं नारिंगी. फेंडरच्या आतल्या बाजू, बिजागऱ्या, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचं झाकण. ट्रॅक्टरच्या रंगाचा उरलेला स्प्रे कुणीतरी मारलाय. त्या गाढवानं वायरीसुद्धा सोडल्या नाहीत. लायलला फोन केला. म्हणाला, मी घेतला तेव्हा असाच होता. हो तर! दुसरं काय म्हणणार?

ठराव: १४ जूनला ओल्ड सेटलर्स डे, म्हणजे गावातलं ट्रकांचं प्रदर्शन. तोवर नारिंगीचा एक ठिपका शिल्लक राहणार नाही. बाबांना केअर होममधून आणून उघड्या बॉनेटसमोर बसवायचं. एकोणनव्वद वर्षांचे आहेत. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन त्यांना दिसेल की नाही, कोण जाणे. त्यांचा ट्रक त्यांनी ठेवला होता तसा त्यांना एकदा दिसलाच पाहिजे.
काम दोन शनिवारांचं. फार तर अडीच.

१० मे
ओव्हन क्लीनर वापरला. व्हिडिओतला दाढीवाला म्हणाला, फवारा आणि वीस मिनिटं थांबा. फवारला. कॉफी प्यायला आत गेलो, बेसबॉल लागलं होतं. परत आलो तर लोखंडावरचा रंग मस्त सुटलेला. अल्टरनेटरचं कवच मात्र ॲल्युमिनियमचं, ते काळंठिक्कर पडलं. ॲल्युमिनियमवर मारू नका हे दाढीवाल्यानं शेवटी सांगितलं होतं म्हणे. शेवटपर्यंत बघायला वेळ कुणाला आहे?
असो. जुनाट दिसतंय. परीक्षकांना जुनाट आवडतं.

१७ मे
नवी पद्धत. बिजागऱ्या साबणाच्या पाण्यात स्लो कुकरमध्ये मंद आचेवर रात्रभर. घरात दोन कुकर आहेत, लव्हॉनला एक पुरतो. गॅरेजमध्ये लावून टाकला. तिला सांगून उगाच डोक्याला ताप नको.

१८ मे, रविवार
कुकर चुकला. तळाशी चिकटपट्टीवर 'लव्हॉन' लिहिलेला, म्हणजे चर्चच्या जेवणाला जाणारा. सकाळी ती बीन्स लावायला कुकर शोधत गॅरेजमध्ये आली आणि झाकण उचललं. ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "शिजल्या का? की अजून कडक आहेत?" आणि बीन्सऐवजी गाजर घातलेली जेली घेऊन गेली.
जेवणानंतर पास्टरनी माझा हात धरून विचारलं, "डेल्मर, बिजागऱ्या कशा आहेत आता?" सगळं टेबल हसलं. बीन्स नव्हत्या याचं मात्र कुणाला दुःख झालेलं दिसलं नाही.
तरी सांगतो, रंग सालीसारखा निघाला. पद्धत अचूक आहे. कुकर बदलायला हवा होता, एवढंच. (ठराव: लव्हॉनला नवा कुकर आणायचा.)

२५ मे
कुकर विसरलो.
फेंडरला जेलीसारखं रिमूव्हर फासून वर प्लास्टिक गुंडाळलं. रंग निघाला. खाली गंज. नुसता गंज नाही, करंगळी जाईल एवढी भोकं. लायलनं ट्रकची काय दशा केली होती! गंज झाकायला रंग फासला, दुसरं काय.
लव्हॉन म्हणाली, "अरे, एकदा बाबांना विचार ना, रंग कुणी मारला ते." कशाला? म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी नको. शिवाय मला त्यांना चकित करायचंय.
मग तिनं तिच्या वडिलांचा विषय काढला. ओल्टमन म्हणजे भारी खडूस माणूस. मुलीला न्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या गाडीचं बॉनेट उघडून बघायचे. आत घाण दिसली की पोरगा एकटाच परत. दोन जण असे परत गेले. अठ्ठ्याहत्तरच्या प्रॉमला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या नाचाला मी हाच ट्रक घेऊन गेलो होतो आणि मला त्यांनी हूं की चूं न करता मुलगी नेऊ दिली. काही माणसं बघताक्षणी ओळखू येतात. हे मी लव्हॉनला सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

७ जून
वायर ब्रशनं अंगठा सोलला. बॅटरीच्या ट्रेमागच्या कोपऱ्यात नारिंगी आहे, तिथं हात जात नाही. ट्रे काढायला गेलो तर बोल्ट तुटला. लायल आला होता. बघून म्हणाला, "राहू दे की तेवढं." त्याला बरं वाटतंय, त्याचीच निशाणी ना!
बॅटरी बसवली की कोपरा झाकला जातो. मी 'ठिपका' म्हटलं होतं. कोपरा वेगळा.

१३ जून
झालं! सगळं काळं, ब्रशनं मारलेलं. बाबांच्या वेळी होतं तस्सं. कसं होतं ते मला नीट आठवत नाही, पण असंच असणार.

१४ जून, शनिवार
कोर्टासमोरच्या हिरवळीवर ओळीनं ट्रक. सगळ्यांची बॉनेटं उघडी, मागे घडीच्या खुर्च्या. आमच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं: 'इंजिनाकडचा भाग अलीकडे रंगवलेला.' बक्षीस नाही.
बाबांना व्हीलचेअरवरून आणलं. बियाण्याच्या कंपनीची टोपी घालून, दाढी करून आले होते. बराच वेळ आत बघत राहिले. मी वाट बघत होतो. मग म्हणाले, "नारिंगी कुठं गेलं?"
मी म्हटलं, "बाबा, कुणा गाढवानं फासलं होतं, मी सगळं काढून टाकलं."
लायल एकदम दुसरा ट्रक बघायला गेला.
बाबा म्हणाले, "गाढव मीच. प्रॉमच्या आदल्या रविवारी मारलं. चर्चसुद्धा बुडवलं. आत सगळा गंज होता रे. ओल्टमन बॉनेट उघडणार हे गावाला ठाऊक होतं, तुलाच नव्हतं. ट्रॅक्टरच्या रंगाचे दोन कॅन होते शेडमध्ये, तेच मारले."
मी विचारलं, त्यांनी खरंच उघडलं होतं?
"म्हणजे काय! तू आत तिच्या आईसमोर कोटाला फुलं लावून फोटो काढून घेत होतास. दुसऱ्या दिवशी ओल्टमन भेटला तेव्हा म्हणाला, तुझा पोरगा मशीन निगुतीनं ठेवतो, रंग तेवढा भयंकर आहे."
पुढची तीन वर्षं मी तो ट्रक चालवला. बॉनेट एकदाही उघडलं नाही. तेल बाबाच बघायचे. हे मी कुणाला बोललो नाही. इथंही लिहिणार नव्हतो.
लव्हॉननं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला कधीपासून माहीत होतं, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. लायलला गाठून माफी मागितली, तीसुद्धा धड मागता आली नाही. तो म्हणाला, राहू दे, हॉटडॉग खायला घाल.
बाबांनी बॅटरीमागे बोट घातलं. तो कोपरा सापडला त्यांना. हसले. मी लगेच म्हटलं, "तेवढा मुद्दाम ठेवलाय, बाबा. आठवण म्हणून."
"हात पोचला नसेल तुझा," ते म्हणाले. "माझाही पोचत नव्हता. कॅन उलटा धरून मारला तिथं."

१५ जून, रविवार. फादर्स डे
बाबांना फोन केला. झोपले होते, नर्स म्हणाली. काल दमले असतील. संध्याकाळी जाऊन येतो.
लव्हॉनला कुकर आणायचाय.
ठराव: बॅटरीमागचा कोपरा साफ करायचा नाही. हा ठराव माझ्याकडून पाळला जाईल असं वाटतं.