बाहेर काय ठेवलंय?

ताईबाईंच्या पायाशी धाकटीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? वेळेवर जेवतेस ना? (खोटं लिहू नकोस, भाचीचा फोन येऊन गेलाय.) भाऊजी गेल्यापासून तू घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस, आणि कुणी चल म्हटलंच तर 'बाहेर काय ठेवलंय?' म्हणून त्याचं तोंड बंद करतेस, असं पोर रडवेली होऊन सांगत होती. तर बाहेर काय ठेवलंय, ते ऐक.

मशीनवर वाकून वाकून माझी मान आखडली, झोप उडाली, आणि गिऱ्हाइकांवर मी अशी खेकसायला लागले की एक बाई न शिवलेलं कापड परत घेऊन गेल्या. डॉक्टर गोळ्या देतील म्हणून गेले, तर म्हणाले, रोज सकाळी टेकडीवर जाऊन झाडाखाली बसा. (एवढ्यासाठी वर फी घेतली, ती वेगळीच.) दुसऱ्याच दिवशी निघालो. ह्यांची तयारी तुला माहीतच आहे. छत्री, थर्मास, रेडिओ, पेपर, डासांचं मलम, शिवाय टेकायला उशी! मी म्हटलं, फिरायला निघालोय की बिऱ्हाड हलवतोय? वर पोचलो, पण माझं लक्ष कुठलं झाडांकडे! समोरून एक गृहस्थ पळत आले, त्यांच्या विजारीची शिवण ही अशी तिरकी. मला राहवेना. थांबवून मापच घ्यायला लागले. (गळ्यात टेप होतीच, झोपताना काढते हेच पुष्कळ.) तेवढ्यात एका शेळीनं टेपचं टोक तोंडात धरलं आणि सुटली की गं! तिच्यामागे मी, माझ्यामागे हे, ह्यांच्यामागे ते विजारवाले. (का, ते त्यांनाही ठाऊक नसावं.) लग्नानंतर पहिल्यांदाच पळाले मी. शेवटी एका झुडपापाशी फतकल मारून बसले. शेळी टेप चघळत माझ्याकडे बघतेय, आणि मला असं हसू फुटलं की पोट धरून आडवीच झाले. वर पानं हलत होती, ऊन अंगावर येत-जात होतं. ताई, तिथेच झोप लागली मला. घोरत होते म्हणे. (ह्यांनी डोक्यावर छत्री धरली होती, म्हणून उशीबद्दल माफ केलंय.)

मान सुटली ती तेव्हापासून. आता रोज जाते. भूक लागते, झोप लागते, गिऱ्हाईकही टिकतं. दुःख काही खाली राहत नाही गं, तेही आपल्याबरोबर चढतं. पण वर त्याला ऐसपैस जागा असते, छातीवर बसत नाही. भाऊजींसाठी मी तिथेच पहिल्यांदा पोटभर रडले. दुकानात कुठलं जमायला, सारखं कुणी ना कुणी येत असतं.

असो. तब्येतीला जप. ये म्हणून आग्रह करत नाही.

तुझी,
टाचणी

ता. क. करतेय आग्रह. ये. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी ये. हे हल्ली बरोबर येत नाहीत, आणि एकटीनं वर जायची मला फार भीती वाटते.

ता. क. २ (पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चोरून लिहितोय.) ताई, नमस्कार. भीतीबिती सगळं झूट. हिला बघून शेळ्याच वाट बदलतात. आणि मीही रोज जातो. झाडाखाली बसायला दोन स्टुलं नेतो आम्ही, म्हणजे मीच नेतो. एकावर ही बसते. दुसऱ्यावर मी टेकायला गेलो की म्हणते, "उठा, ताईची जागा आहे ती." लवकर या हो. माझेही पाय दुखतात.