सही केलेला कोरा कागद

अण्णा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं होत आली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलोय. लाज वाटते, म्हणून इतके दिवस टाळलं.

आधी तालुक्याच्या कोर्टातली वकिली, मग सहकारी बँकेचं अध्यक्षपद आणि शेवटी आमदारकी. लोक साहेब म्हणायला लागले, तरी घरी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसूनच जेवायचात. अधिवेशनाला मुंबईला निघताना लेटरहेडचे दहा-बारा कोरे कागद सही करून आईकडे ठेवायचात. कुणाला हॉस्पिटलात खाट हवी असली की तुमचा क्लार्क त्यावर शिफारस टाइप करून द्यायचा. तुम्ही नाही म्हणून कुणाचं अडू नये, एवढंच.

त्यातला कागद मी उचलला. कतारला, दोह्यातल्या नोकरीला बँकेतला तीन वर्षांचा अनुभव हवा होता, तुमच्या बँकेतला माझा जेमतेम दीड. मी बेधडक तीन टाइप केलं. इथल्या मॅनेजरने तुम्हाला फोन लावला आणि मला म्हणाला, "एमएलए साब ने कन्फर्म किया. यल्ला, चलो, कल से आ जाओ." मी सुटलो म्हणून खूश! तुम्ही काय गिळलंत, ते डोक्यातही आलं नाही.

पहिल्या सुट्टीत घरी आलो. ताटावरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं वकिली केली, एकाही साक्षीदाराला खोटं बोलायला लावलं नाही. तू मलाच लावलंस."

आईचं लाटणं थांबलं. "ह्यांनी कोऱ्या सह्या बंद केल्यात," ती म्हणाली. "परवा एक म्हातारी सुनेच्या हॉस्पिटलच्या चिठ्ठीसाठी दोन दिवस ओट्यावर बसून होती. हे मुंबईहून येईपर्यंत."

आता इथे दोह्यात, अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये मुलगी विचारते, "बाबा, वॉज आजोबा अ बिग मॅन?" सरळ माणूस होते, असं मी सांगतो आणि विषय बदलतो.

पहिल्या सुट्टीतल्या त्या दुपारी, जेवून हात धुताना तुम्ही विचारलंत, "आणखी कागद नाही ना तुझ्याकडे?" मी नाही म्हणालो. तुम्ही विश्वास ठेवलात.

मी दोन उचलले होते, अण्णा. दुसरा कपाटात पासपोर्टाखाली आहे, अजून कोराच. तुमची आठवण म्हणून जपलाय, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. ही नोकरी गेली तर जुनी तारीख टाकून उपयोगी पडेल, म्हणून ठेवलाय.