वाघोलीच्या लाइनवरच्या चुका

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा एरर! दसऱ्याची सुट्टी संपून आज कामाला लागले, तर वाघोली शाखेची लाइन रखडलेली. तिथले एक्स-रे इथे मुख्य रुग्णालयात पोचेनात, डॉक्टर वैतागलेले. राउटरच्या ज्या पोर्टला ती लाइन जोडलीय, त्या एकाच पोर्टवर चुकांचा आकडा नुसता पळतोय. शून्य केला, चहा पिऊन आले – पुन्हा हजारांत!

नेटवर्कचं काम माझं, राउटरही मीच निवडलेला. म्हणजे खापर कुणाच्या डोक्यावर, हे सांगायला नको. विश्वजीत सर, आमचे प्रशासनप्रमुख, दारातूनच म्हणाले, "काय बिलकिसबाई, नवा राउटर शोभेला घेतलाय का?" माझं प्रोबेशन याच महिन्यात संपतंय.

७ ऑक्टोबर

दोन्ही टोकांची सेटिंग ताडून पाहिली. ठीक. मग लाइन दुसऱ्या पोर्टला लावली – चुकाही मागोमाग तिथे! म्हणजे राउटर निर्दोष, दोष लाइनमध्ये. हे सध्या फक्त मला माहीत आहे, आणि माझं ऐकतंय कोण?

८ ऑक्टोबर

सापडलं!!! वाघोलीची पिवळी फायबर वायर उपसून तिचं काचेचं टोक पांढऱ्या कापडावर पुसलं. कापड लाल. कुंकू!

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मी रजेवर होते. ऑफिसच्या ग्रुपवर त्या दिवशीचा फोटो शोधला. सर राउटरवर झेंडू ठेवतायत. फूल बसेना म्हणून वायर काढून डाव्या हातात धरलेली. पूजा झाल्यावर तशाच कुंकवाच्या बोटांनी परत खोचली असणार! भोळा भक्त, दुसरं काय.

टोक नीट साफ करून लावलं. आकडा शून्य. चहा झाला – शून्य. जेवण झालं – शून्य! नाचावंसं वाटलं. एकटीच हसत बसले.

८ तारीखच, घरी

अहवालात कारण काय लिहू? पूजेमुळे बिघडलं, हे मी लिहायचं? बिलकिस शेखनं? अम्मी म्हणाली, "धूल लिख दे, बात खतम." धूळ लिहिलं. जीव भांड्यात पडला.

९ ऑक्टोबर

शून्यच आहे अजून. झोपही छान लागली!

१३ ऑक्टोबर

नोकरी कायम झाली!!! अम्मीनं खडकीभर फोन केले. शिरखुर्मा, ईद नसताना!

१४ ऑक्टोबर

मीटिंग. सरांनी अहवाल वाचला. "धूळ? त्या बंद खोलीत? ती वायर मी काढली होती, कुंकवाच्या हातानं." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं ना?" मी होकारार्थी मान हलवली. "मग सांगितलं का नाहीत? एवढे परके आहोत आम्ही?"

मी अहवालाखालच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. बिलकिस शेख. ते वाचून त्यांनीच मान खाली घातली.