चिंबोरीच्या मज्जापेशीचा आवाज

अण्णा, परवा चिंबोरीची एक मज्जापेशी बोलताना ऐकली. इथेच, रत्नागिरीच्या कॉलेजात, मी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. टक्, टक्, जरा थांबून पुन्हा टक्. संकेत व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढा. अंदाजाने नव्हे, मोजून सांगतोय.

तुम्ही होतात तेव्हा मेंदूचा अभ्यास म्हणजे मोठ्या शहरांतल्या इस्पितळांचं काम. पुढे सरकारने संशोधनाला अनुदानं दिली, आणि ज्यातून उद्या काहीच विकता येणार नाही अशा कामालाही दिली. खेकड्याच्या पोटातल्या नसा तपासायला कोणता व्यापारी पैसे घालील? लोक म्हणतात, हे शास्त्र हुशार माणसांनी वाढवलं. हुशार माणसं आधीही होतीच. वर्षानुवर्षं चुकत बसायला त्यांना जागा आणि पगार मिळाला तो अनुदानातून. डोंगराच्या पोटातलं तुमचं पोफळीचं पॉवरहाऊस तरी कुणा एकाच्या खिशातून झालं असतं का? कॉलेजात हे संशोधन चालवणाऱ्या आमच्या मॅडमच्या अनुदानात उपकरण इथेच बनवायची तरतूद होती, म्हणून रेडिओ उघडून शिकलेल्या माझ्यासारख्याला बोलावणं आलं. अनुदान देणाऱ्यांच्या समितीसमोर ते चाललं नाही तर पुढचा हप्ता बंद, आणि दोन संशोधक मुलींचं काम तिथेच संपणार.

आणि आठ दिवस नुसती घूंऽ. पन्नास सायकलची, म्हणजे घरोघरच्या विजेचीच. मी प्रत्येक खोक्याला वेगळं, चोख अर्थिंग दिलेलं. माझ्या कामात खोट नाही, असं मॅडमना दोनदा सुनावलंही. त्या शांतपणे म्हणाल्या, "चिंबोऱ्या संपत आल्या, दादा. उरलेल्यांचं कालवण करू का?"

तेव्हा पोफळीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. मी नववीत, माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर ओट्यावर घुमतोय, आई वैतागलेली. तुम्ही पाळीवरून येता, उभ्याने चहा संपवता आणि अर्थिंगच्या दोन तारांपैकी एक कापून टाकता. घुमणं बंद. "दोन वाटा दिल्यास तर करंट त्यांच्यातच फिरत बसेल. एकच पुरे." आणि लगेच, "सर्टिफिकेट नसेल तर सरकारी यंत्राला तुला कोण हात लावू देईल रे?" इतकी वर्षं मी त्यातलं दुसरंच वाक्य उराशी धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा एकाच तांब्याच्या पट्टीवर आणल्या. घूं गेली आणि चिंबोरी बोलली. समिती तासभर ऐकत बसली. हप्ता मंजूर झाला. हात लावू दिला अण्णा, आणि यंत्रही माझंच.

समितीतल्या वयस्क शास्त्रज्ञांनी विचारलं, "हे कोणाकडे शिकलात?" मी म्हटलं, "कोणाकडेच नाही." मॅडमनी अहवालात तसंच लिहिलंय: स्वयंशिक्षित. अहवाल सोमवारी जाईल, अजून दुरुस्ती करता येते. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहितो: तो शब्द वाचायला मला फार आवडतो.