शमिकाची बारा पृष्ठं

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

शमिकाचं नाव काढायचं म्हणे! कारण काय, तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. पाचवीच्या शिष्यवृत्तीला कच्ची मुलं बसवायचीच नाहीत. रेवाळे सर मुख्याध्यापक आहेत की आंब्याचे दलाल? डागी फळ काढावं तशी पोरं बाजूला काढतायत.

मी म्हटलं, "सर, ती कच्ची नाही. घडणीच्या प्रश्नात अडकते, एवढंच." सपाट आकृती मिटली की काय तयार होईल, ते तिच्या डोळ्यांसमोर येत नाही. येईल की! नाहीतर मी पगार कशाचा घेते?

सर म्हणाले, "गुरुवारी चाचणी घेतो घडणीची. बघू."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुस्तक मिटून ठेवलं. शमिकाची आई, कमळाताई, हंगामात बागेत आंबा भरायला जाते. तिच्याकडून मागच्या वर्षीचे उरलेले खोके मागवले, सपाटच्या सपाट. वर्गभर पुठ्ठा! पोरं मिटतायत, उलगडतायत, परत मिटतायत. शमिका आधी हात लावून सांगत होती, हा भाग इकडे येईल. मग हात न लावता सांगायला लागली. शेवटी चक्क फळ्यावरची आकृती बघून. मला इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पहिलाच प्रश्न — बंद खोक्याला पृष्ठे किती? शमिकाने लिहिलं बारा. अख्ख्या वर्गाने लिहिलं बारा!

आंब्याचा खोका उलगडला की बाजू चार, वरच्या झडपा चार, तळाच्या चार. पोरांनी मोजल्या आणि लिहिल्या. झडपा एकमेकींवर बसल्या की त्यांचं एकच पृष्ठ होतं, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी, पोरांची नव्हे. आणि पुढच्या सगळ्या घडणी शमिकाने बरोबर ओळखल्यात, त्याचं काहीच नाही? सर ते बारा धरून बसले. सगळ्या शिक्षकांसमोर हसत म्हणाले, "बाई, खोके बागेतच बरे."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भांडले. शमिकाला घेऊन थेट सरांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, तुम्हीच काढा आकृत्या, तुम्हीच विचारा. त्यांनी काढल्या. ती धडाधड सांगत गेली — हिचा घन होतो, हिचा नाही, ही बाजू वर येते. बंद खोक्याची पृष्ठंही सहा सांगितली, न अडखळता. मग सर म्हणाले, "बरं, बसू दे. आईची सही आणा."

इतके लवकर कसे वळले, देव जाणे. मला काय करायचंय! पोर परीक्षेला बसणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

फॉर्म घेऊन कमळाताईंकडे गेले. सही करेनात.

"नको बाई. सर काल घरी आलेले. म्हनले, बाईंचंच म्हननं हाय, हिच्यापायी बाकीच्या पोरांचा निकाल पडंल. तुमाला आमच्या तोंडावर बोलवत नाय, म्हनून ते आले."

शमिका दारात उभी होती. तिला विचारलं, "मी असं बोलेन का गं?"

ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली.